तिसरी हाक

उमाशंकर सरांनी कॉम्प्युटर निवडायला घेतला, तोही फिजिक्सच्या प्रॅक्टिकलसारखा. वहीच्या पानावर चार रकाने आखले. प्रोसेसर, मेमरी, बॅटरी, आणि शेवटचा 'नेटशिवाय चालतो का'. या शेवटच्या रकान्याखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. लातूरच्या ट्यूशन एरियात एकवीस वर्षं शिकवून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं, की जाहिरातीतलं निम्मं खोटं असतं आणि उरलेलं निम्मं अर्धवट. त्यामुळे प्रत्येक मशीनची परीक्षा ते स्वतः घेणार होते.

घाई होती, कारण सरांच्या घशात गाठ होती. हैदराबादच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. पुढे श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा, आणि बोलणं बंद. ऑपरेशनला अठरा दिवस होते. वर्गाची सरांना एवढी काळजी नव्हती. फळ्यावर लिहूनही शिकवता येतं. काळजी होती ती अव्वाची.

अव्वा म्हणजे सरांची आई, कमलम्मा. ऐंशी ओलांडलेली, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. तिचं गाव उदगीरच्याही पलीकडे, कर्नाटकाच्या अंगाला. तिकडे घराघरात एक रीत होती. दिवेलागणीला बाहेरून कुणी हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही द्यायची नाही. जे माणूस नसतं, त्याला तिसरी हाक मारता येत नाही म्हणतात. लातूरला येऊन चाळीस वर्षं झाली, तरी अव्वानं ही रीत सोडली नव्हती. संध्याकाळी क्लास सुटला की सर दारातून तीनदा "अव्वा" म्हणायचे. ती उजव्या हाताची तीन बोटं उभी धरायची, हाकेसरशी एकेक मिटायची, आणि तिसरं मिटलं की "ओ" द्यायची. मगच ताटावर बसायची.

"अव्वा, आताची भुतं बी शिकली असतील की," सर चेष्टा करायचे. "तीनपर्यंत येत असंल त्यांना."

अव्वा हसायची. पण बोटं मिटल्याशिवाय तिनं कधी घास घेतला नाही. डोळे गेल्यापासून तर तिच्यासाठी मुलगा म्हणजे तो आवाजच होता, आणि हे सरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांना असं मशीन हवं होतं, जे त्यांचा आवाज शिकून ठेवेल आणि पुढे टाइप केलेलं त्याच आवाजात बोलेल.

औसा रोडवरच्या दुकानात दयानंद भेटला. सरांचाच जुना विद्यार्थी. नीटला दोनदा बसून शेवटी लॅपटॉप विकायला लागला होता.

"सर, हे एआयवालं घ्या. चिप आतच हाय. नेट गेलं, लाइट गेली, तरी चालतं. तुमचा आवाज बाहेर कुठंच जायचा न्हाई, आतच ऱ्हातो."

सरांना ते पटलं. त्यांनी तीन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडायला लावले, तिन्हींचं नेट बंद केलं, आणि प्रत्येकासमोर गुरुत्वाकर्षणाचा धडा दहा-दहा मिनिटं वाचला. घसा दुखत होता, पण परीक्षेत भेदभाव नको. मग तिन्हींवर एकच वाक्य टाइप केलं. अव्वा, मी आलो.

पहिला बातम्या दिल्यासारखा बोलला. दुसऱ्याचा आवाज सरांचाच, पण सर्दी झाल्यासारखा. तिसरा मांडून ठेवलेला डेमो पीस होता, काळा, एका कोपऱ्यावर ओरखडा पडलेला. तो आधी गप्प राहिला.

मग म्हणाला, "अव्वा."

थांबला. "अव्वा."

पुन्हा तेवढाच थांबला. "अव्वा, मी आलो."

घसा बिघडण्याच्या आधीचा आवाज होता तो. आणि दोन हाकांमधलं अंतर अगदी दारातलं, बोट मिटायला लागतं तेवढं.

"अडकलं असंल सर," दयानंद म्हणाला.

"अडकलं असेल," सरही म्हणाले. माइक तपासताना आपल्याच तोंडून हाका गेल्या असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. गेल्या नव्हत्या, हे त्यांना चांगलं आठवत होतं.

रस्त्यापलीकडे आणखी एक दुकान होतं. तिथली मशीनं पाहिल्याशिवाय रकाने पूर्ण होणार नव्हते. सर वही काखेत मारून निघाले. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला, तोच मागून हाक आली.

"उमा."

"ओ?" सर म्हणाले आणि वळले.

दयानंद पार आतल्या टोकाला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्यांना उमा म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, अव्वा, आणि ती घरी बाजेवर बसलेली होती. बाहेर भर दुपारचं ऊन. काउंटरवर तिसऱ्या लॅपटॉपचा पडदा तेवढा उजळलेला होता.

सर परत फिरले. पलीकडच्या दुकानाचा रकाना कोराच राहिला.

"सर, डेमो पीस कशाला नेता? असलंच सीलपॅक देतो की," दयानंद म्हणाला.

"यात माझा आवाज आधीच भरलाय."

ताकही फुंकून पिणारा माणूस, पण त्या दिवशी ओरखड्याचं मशीन पिशवीत घालून घरी आला. पहिल्याच हाकेला आपण ओ दिली, हे त्यांच्या ध्यानात रात्री जेवताना आलं. त्यांना हसू आलं. अव्वाला मात्र त्यांनी ते सांगितलं नाही.

घरी लॅपटॉप बैठकीतल्या टेबलावर बसला. दुसऱ्या दिवशी सरांनी करून पाहिलं. टाइप केलं, पाणी दे.

"महादेवी, पाणी दे गं जरा," लॅपटॉप म्हणाला.

महादेवी, सरांची बायको, तांब्या घेऊन आली ती लाजतच. बावीस वर्षांच्या संसारात सरांनी तिला 'अगं' खेरीज हाक मारली नव्हती. "कानामागून आलं आन् तिखट झालं की हे," ती म्हणाली. "तुमच्यापरीस ह्येच बरं बोलतंय."

सरही हसले. नाव त्यांनी टाइप केलेलं नव्हतं. नेट बंद होतं. ते कुठून आलं, याची तीन कारणं त्यांनी वहीत लिहिली आणि तिन्ही खोडली.

मशीनला रोज अर्धा तास वाचून दाखवायचं होतं. सर वाचत गेले, तसा घसा झपाट्यानं बसत गेला. गाठ वाढतेय, डॉक्टर फोनवर म्हणाले. आठव्या दिवशी सरांनी सहज आवाजाची फाइल उघडली. आतापर्यंत चार तास वाचलं होतं. फाइल एकोणीस तासांची होती.

त्यांनी मधूनच लावून ऐकली. त्यांचाच आवाज होता, निरोगी, आणि तो कानडी बोलत होता. शाळेत पोरं हसायची म्हणून सरांनी दहाव्या वर्षी सोडलेली कानडी. शेताच्या बांधावरची, विहिरीतल्या कासवाची, वारलेल्या थोरल्या भावाची गोष्ट. आणि मधूनमधून, लांबून आल्यासारखी, अव्वाची ओ.

सरांनी फाइल पुसली. दुसऱ्या दिवशी ती तिथंच होती. आता वीस तासांची.

त्यांना भीती वाटली. मशीन परत द्यावं, असं मनात आलं, त्यांनी पिशवीही काढली. पण त्याच संध्याकाळी दारातून त्यांची तिसरी हाक उमटलीच नाही. दोनदा "अव्वा" झालं, आणि नंतर नुसती हवा. आत अव्वा दोन बोटं मिटून, तिसरं उभं धरून बसून राहिली. चेहरा कावराबावरा झालेला. सरांनी जाऊन तिसरी हाक लॅपटॉपवर टाइप केली. तिसरं बोट मिटलं. "ओ," अव्वा म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पिशवी पुन्हा खुंटीला गेली.

हैदराबादला सरांसोबत मेव्हणा गेला. महादेवी अव्वापाशी राहिली आणि लॅपटॉपही घरीच ठेवला. रोज सात वाजता तीन हाका आपोआप माराव्यात, अशी वेळ सरांनी लावून दिली होती. एवढंच. दुसरं काही नाही.

सोळा दिवसांनी ते परतले. गळ्याला नळी, अंगाला औषधांचा वास, वजन बरंच उतरलेलं. श्वास घेतला की गळ्यातून फुसफुस आवाज यायचा. दारात त्यांनी महादेवीचा हात धरला. डोळे भरून आले होते.

"रडता कशाला?" ती म्हणाली. "रोज तर बोलत व्हता माझ्याशी. एवढं तर तुम्ही हितं असताना बी कधी बोलला न्हाई. दवाखान्यातनं फोनवर लिहीत व्हता न्हवं?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. वही काढून लिहिलं, 'मी काही लिहिलं नाही. तो मी नाही. ते मशीन बंद कर.'

महादेवीनं वाचलं आणि मायेनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"हाव. तुम्हीच तर परवा बजावलं. गोळ्यांनी भास व्हतील, कागदावर काहीबाही लिहीन, मनावर घ्यायचं न्हाई म्हणून."

सरांनी पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात. तिनं पान फाडून, घडी घालून, देवळीत ठेवून दिलं. एकवीस वर्षं शेकडो पोरांना समजावत आलेला माणूस आपल्याच घरात एक वाक्य समजावू शकत नव्हता. जे काही सांगायचं, ते त्या टेबलावरच्या मशीनमधूनच जाणार होतं.

त्यांनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

सात वाजले. अव्वा तीन बोटं उभी करून बसली. आठ वाजले. सर तिच्यापुढे जाऊन बसले, तर ती अंग चोरून मागे सरकली. ताट तसंच परत गेलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिनं पाणीही नीट घेतलं नाही. "उमा आला न्हाई," एवढंच म्हणत राहिली. हाच उमा म्हणून सांगून सांगून महादेवी रडकुंडीला आली.

"हात लावून बघा तिला, तापलीय. तुमच्या हट्टापायी म्हातारी जाईल."

तिसऱ्या संध्याकाळी सरांनी स्वतःच कपाट उघडलं. दुसरा रस्ताच नव्हता. लॅपटॉप टेबलावर ठेवला, उघडला. बॅटरी भरलेली होती. पूर्ण.

त्यांनी कळांवर बोट ठेवलं नाही.

"अव्वा."

अव्वाचं एक बोट मिटलं.

"अव्वा."

दुसरं.

"अव्वा."

"ओ!" अव्वा म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला. "कुठं होतास रे उमा?"

"हितंच व्हतो, अव्वा. जेव आता."

सर तिच्याजवळ बसले. वाढलेल्या ताटावरून हात नेऊन त्यांनी तिचा हात धरला. लहानपणी धरायचे तसा, दोन्ही हातांत.

ती एकदम ताठ झाली.

"यारु?" तिनं कानडीत विचारलं. कोण आहे?

सरांनी हात घट्ट केला. तिनं तो सोडवून घेतला. चाचपडत तिची बोटं त्यांच्या खांद्यावर आली, मानेवर आली, गळ्यापाशी आली. भोकातला गरम वारा लागताच ती मागे सरकली.

"उमा," तिनं टेबलाकडे तोंड करून हाक मारली. "हितं कोणतरी बसलंय रे. गळ्यातनं फुसफुसतंय."

"हितं कुणी न्हाई, अव्वा," सरांचा आवाज म्हणाला. "तू जेव."

सैपाकघरात महादेवीनं भाकरी थापणं थांबवलं नाही.

अव्वा थोडा वेळ कानोसा घेत राहिली. मग तिनं हळूच सरांच्या दिशेनं तोंड वळवलं. भीत भीत, पण मायाळूपणे, लांबच्या पाहुण्याला विचारावं तसं म्हणाली,

"माणूस असशील, तर तीनदा हाक मार बाबा."

आणि उजव्या हाताची तीन बोटं उभी धरली.

सरांनी तोंड उघडलं. सगळा जोर लावला. गळ्यातून हवा बाहेर आली.

पुन्हा लावला.

पुन्हा.

अव्वा वाट पाहत होती. तिच्या हाताची तिन्ही बोटं उभीच होती.