पाळण्यातली सतरावी नळी

खोटं सांगायचं माझं वय राहिलं नाही. हे माझ्या भाचीच्या बाबतीत घडलं... रविवारी, भर दुपारी, तिच्या प्रयोगशाळेत.

डॉक्टरेटनंतर ती तिथे संशोधन करत होती. जंतुसंसर्ग अंगभर पसरला की रक्तातल्या तांबड्या पेशी ताठर होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात. त्या किती वाकतात, हे ती मोजायची. रक्त दोन तासांत तपासायचं. तोवर नळी एका डुलत्या यंत्रावर ठेवायची, नाहीतर पेशी तळाला बसतात. त्या यंत्राला सगळे 'पाळणा' म्हणत.

सतरावा पेशंट म्हातारा होता. तापानं फणफणलेला, तरी तोंड चालू.

"पोरी, डाससुद्धा एवढं पीत नाही गं!"

"थोडंच घेतलंय, आजोबा."

"घे. पण वाया घालवू नकोस."

"नाही घालवणार. शब्द देते."

त्या दिवशी पाळणा फार कुरकुरत होता. फोनवर बोलताना तिनं तो बंद केला... आणि विसरली.

चार तासांनी पाहते तर रक्त तळाला बसलेलं. पुन्हा मागायला जायची लाज वाटली. नळी फेकली. वहीत अंदाजानं आकडा लिहिला.

संध्याकाळी आजोबा गेले.

महिन्याभरानं, त्या रविवारी, ती शोधनिबंध तिच्या मार्गदर्शक सरांना द्यायला आली होती. सर त्यांच्या खोलीत. बाकी इमारतीत चिटपाखरू नव्हतं.

कुई... कुई...

पाळणा डुलत होता.

प्लग जमिनीवर पडलेला.

पाळण्यात एकच नळी. तिच्याच अक्षरात... सतरा.

रक्त ताजं, लालभडक.

तिनं नळी उचलली. ती तापलेली होती... तापातल्या अंगासारखी.

ती किंचाळली. सर धावत आले.

पाळणा थांबलेला. तिची मूठ रिकामी.

"काय गं, भूत बघितलंस की काय?" सर हसले. "बरं, सतराच्या सतरा आकडे नीट तपासलेस ना?"

सांगायची हीच वेळ होती.

"हो, सर."

निबंध छापून आला. कौतुकही झालं.

लहानपणी एक बिस्किट चोरलं तरी ही पोर माझ्या कुशीत येऊन कबूल करायची. हे मात्र तिनं मान खाली घालून सांगितलं.

"सरांना सांगून टाक," मी म्हटलं.

"सांगते, आत्या."

त्याला सहा वर्षं झाली.

परवा ती आली होती. निघताना मी तिचा हात हातात घेतला.

मनगट गार होतं.

तळहात मात्र... तापानं फणफणला होता.