पिल्लू उचलण्याचा क्षण

उंदरीण पिंजऱ्यातून सुटली आणि थेट संस्थेच्या ग्रंथालयात शिरली. तिच्यामागे धावत आलेली संशोधक मुलगी दारातच थबकली. हातात रिकामा पिंजरा, एका पायात चप्पल. टेबलावर कचऱ्याची टोपली पालथी घातलेली होती, टोपलीवर जाडजूड शब्दकोश आणि शब्दकोशावर ग्रंथपालाचा हात.

"हिची नोंद आमच्याकडे नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडचीच असणार."

"चावली का?"

"नाही. पण मी किंचाळलो. आणि शांतता राखा ही पाटी मीच लावलीय."

तिला हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन तिनं विचारलं, "उंदरांतलं काही कळतं तुम्हाला?"

"काडीचंही नाही."

"मग तुम्हीच हवेत मला!" म्हणाली खरी, पण आपण काय बोलून बसलो ते कळताच कानांपर्यंत लाल झाली. "म्हणजे... कामासाठी."

काम असं होतं. काही गाभण उंदरिणींना पाण्यातून कीटकनाशकाचा अगदी किंचित अंश दिला होता, काहींना नुसतं पाणी. त्यांच्या लेकी आता स्वतः आया झाल्या होत्या. या लेकींनी औषधाचा थेंबही चाखला नव्हता. त्यांची पिल्लं घरट्यातून काढून पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत ठेवायची आणि आई त्यांना किती वेळात परत आणते ते बघायचं. अशा एकशे चाळीस चित्रफिती होत्या. दोघांनी त्या स्वतंत्रपणे बघायच्या. आईनं पिल्लू तोंडात उचललं की बटण दाबायचं. कोण कुणाची लेक ते दोघांनाही ठाऊक नसायचं. ती यादी बंद पाकिटात, प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या कपाटात. उंदरांबद्दल आपसात अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. दुसरी निरीक्षक नोकरी सोडून गेली होती, तिच्या जागी आता ग्रंथपाल रोज दुपारी येऊ लागला.

खोली एवढीशी. दोन पडदे, दोन्हींवर एकाच वेळी तीच फीत, मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत. बाहेर पाऊस रिपरिपत असायचा. उंदीर वर्ज्य, म्हणून बाकी साऱ्या जगाबद्दल बोलणं व्हायचं.

"तुमच्या केसांत पेन्सिल राहिलीय."

"माहितीये. मुद्दाम खोचलीय."

"दोन आहेत."

"...एवढं बारीक बघता?"

"निरीक्षक म्हणून ठेवलंय ना मला!"

तीन महिने असे गेले. दोघांच्या नोंदी शंभरात नव्व्याण्णव जुळल्या. मॅडम खूश झाल्या. पंधरा दिवसांनी अहवाल द्यायचा होता, आणि तिची पुढची नेमणूक त्याच्यावरच अवलंबून होती.

ग्रंथपाल मात्र दारात उभा राहिला, आत येईना.

"माझ्या नोंदी फेकून द्या," तो म्हणाला.

"काय?"

"तुमचं बटण टक्क वाजतं ना, त्याच्यामागोमाग माझं बोट खाली जातं. आधी माझं मी बघत होतो, खरंच. मग... तुमचंच ऐकत बसायला लागलो. कधीकधी पडद्याकडे बघतही नव्हतो."

"तीन महिने! आणि हे आज सांगताय?"

"नव्व्याण्णव ऐकलं तेव्हा माझं मला कळलं."

ती खुर्चीत बसली. कुणाला कळणार होतं? त्यानं तोंड मिटून घेतलं असतं, तर अहवाल गेला असता, वाहवा झाली असती. तिला त्याचा राग आला, आणि त्या रागाखाली दुसरंही काहीतरी हललं. तिनं मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली. अहवालाची तारीख हुकली, नेमणूक लांबणीवर पडली.

ग्रंथपालानं सगळ्या फिती पुन्हा बघितल्या, वरच्या मजल्यावर, एकट्यानं. या वेळी जुळल्या शंभरात सत्त्याऐंशी. जिथं मतभेद असेल ती फीत मात्र दोघांनी एकत्र बसून बघायची, तेव्हा बोलायला मुभा होती. शेजारी बसून ती दोघं मनसोक्त भांडली.

शेवटच्या फितीत उंदरीण पिल्लाशी गेली, थांबली. मागं फिरली. पुन्हा गेली.

"उचललं," ती म्हणाली.

"नाही. नुसतं हुंगलं."

"नीट बघा!"

"नीटच बघतोय. हुंगलं."

तिनं फीत मागं घेऊन पुन्हा लावली. हुंगलंच होतं.

दुपारी मॅडमनी पाकीट उघडलं. दोन गटांतलं अंतर अपेक्षेपेक्षा कमी भरलं, पण होतं. औषध प्यायलेल्या आयांच्या लेकी पिल्लाशी जाऊन घुटमळत होत्या. शेवटच्या फितीतली त्यांच्यातलीच होती.

"चांगलं झालं की!" जिना उतरताना ग्रंथपाल म्हणाला. "टिकलं तुमचं म्हणणं. मग रडता का?"

ती पायरीवरच बसली. "माझ्या वेळी आई फुलांच्या मळ्यात होती. फवारणीच्या कामाला. मी चालले उशिरा, बोलले उशिरा. आवडलेल्या माणसाशीसुद्धा जाते... आणि मागं फिरते. गेले चार महिने तेच चाललंय माझं." तिनं नाक पुसलं. "पण खरी भीती ती नाही. उद्या मला मूल झालं, आणि मी अशीच उभी राहिले तर? तू सांग ना, काही होणार नाही म्हणून."

तू म्हणाल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या आलं. तो एक पायरी खाली बसला. आत्ता हो म्हणणं किती सोपं होतं!

"ते मला माहीत नाही," तो हळूच म्हणाला. "उंदरांचं माणसांना लागू होतं का, तेही माहीत नाही. पण तू उभी राहिलीस तर पिल्लू मी उचलेन. मलाही येतं ते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हात पुढे केला, आणि मागे घेतला नाही.