खाली कोण हाय?

हे घडलेलं आहे. माझे वडील ज्ञानदेव, म्हणजे आप्पा, गेल्या श्रावणात गेले. यातला एक शब्दही दुरुस्त करायला आता ते नाहीत, म्हणून त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिते आहे.

साल १९७६. माघातली संध्याकाळ. दौंडच्या बाहेर, रेल्वेतून निवृत्त झालेल्या शंकररावांच्या नव्या घरामागे आप्पा आणि त्यांचा जोडीदार साहेबराव शोषखड्डा खणत होते. संडासाच्या टाकीतलं पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा. दोन पुरुष खोल. खणून झाला होता. आता दगड आणि विटांचे रोडे टाकून भरायचा होता.

भरण्याआधी खड्डे खणणाऱ्यांची एक रीत होती. काठावरून ओरडायचं, "खाली कोण हाय?" उत्तर आलं नाही, की मगच पहिली पाटी ओतायची. खाली कुणी नाही हे ठाऊक असलं, तरी विचारायचं.

आप्पांनी पाटी उचलली. विचारलं.

"थांब..."

खालून आलं. अगदी हळू. घसा बसल्यासारखं.

"साहेबा, वर ये. चेष्टा पुरं."

"मी हितं हाय की," मागून साहेबराव म्हणाला. तो हौदावर पाय धूत होता. "भुकंनं कान वाजाया लागलं व्हय रं, ज्ञाना?"

तेवढ्यात शंकररावांच्या वच्छलाबाई मागच्या दारात आल्या. "अवो ज्ञानदेव, उद्या सकाळी नवी सून येतीय घरात. उघड्या खड्ड्यावरनं आणू का तिला?"

"एकदा बघून येतो, बाई."

खाली माणूस असला, तर दगड त्याच्या डोक्यावर पडणार होते. आप्पांना पाटी ओतवेना. बाभळीला बांधलेला दोर खड्ड्यात सोडून ते खाली उतरले.

कुणी नव्हतं.

नुसती ओली माती. वर उजेडाचं गोल भोक, आणि काठावर साहेबरावचं डोकं...

मग ते डोकंही दिसेना.

चिमण्यांचा कलकलाट थांबला. स्टेशनातल्या इंजिनाची शिटी मध्येच तुटली.

आणि वरून आवाज आला...

"खाली कोण हाय?"

तो आप्पांचाच आवाज होता.

काठावर पाटीची कड दिसली. आतले रोडे एकमेकांवर घासले. आप्पांनी तोंड उघडलं... आवाज फुटेना. आपण गप्प राहिलो तर वरचा ओतणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते स्वतः आजवर तेच करत आले होते.

सगळा जीव घशात आणून ते म्हणाले, "थांब..."

पाटी मागे सरली.

ते वर आले तेव्हा साहेबराव दोर धरून तिथेच बसला होता.

"तू विचारलंस?"

"म्या? म्या तोंड सुदिक उघडलं न्हाई. आन् तू असा पांढराफटक का पडलाईस?"

आप्पांनी पुन्हा काठावर जाऊन विचारलं.

काही नाही.

पुन्हा विचारलं...

काहीच नाही.

"झालं समाधान?" साहेबरावने पाटी उचलली.

"नको. त्याला बोलता येत नसंल."

"कुणाला?"

साहेबरावने पाटी उलटली.

खड्ड्यात लोंबत राहिलेला दोर एकदम ताणला गेला. बाभळीचं खोड करकरलं...

मग दोर सैल पडला.

"रोडा आदळला असंल दोरावर," साहेबराव म्हणाला. पण दुसरी पाटी त्याने डोळे मिटून ओतली.

अंधार पडायच्या आत खड्डा भरला. वर फरशी बसली, माती पडली. शंकररावांच्या घरी पुढे काहीही वाईट झालं नाही. पाणीही छान जिरत राहिलं.

आप्पांनी मात्र पुन्हा शोषखड्ड्याचं काम घेतलं नाही. शेवटच्या आजारपणात एकदा, मी त्यांची उशी सारखी करत असताना, ते आपण होऊन बोलले.

"आधी बोलला त्यो मीच हुतो, पोरी. त्ये कळलं मला. पर नंतर गप बसला... त्यो कोण हुता?"