वऱ्हाडाच्या ट्रॉलीची पिन

“परत वाजलं बघ,” शालन म्हणाली आणि हातातलं आंब्याच्या पानांचं तोरण तसंच धरून उभी राहिली.

मांडवापुढं नानासो ड्रायव्हर ट्रॅक्टर मागंपुढं करत होता. ट्रॅक्टर पुढं सरकला की मागच्या ट्रॉलीकडून ‘खण्ण’ असा आवाज यायचा. तो मागं आला की ‘धाड’.

“वाजू दे की,” तिचा मामेभाऊ मानसिंग म्हणाला. “टेलर हाय तो. वाजणारच.”

“टेलर कपडे शिवतो. याला ट्रेलर म्हणतात, नाहीतर ट्रॉली.”

“तुमच्या सांगलीचा टेलर कपडे शिवत आसंल. आमचा ऊस वाहतो, आन् आज वऱ्हाड.”

शालन हसली, पण तिचं लक्ष आवाजाकडंच होतं. मे महिन्याच्या सुट्टीत ती वडूजजवळच्या आजोळी आली होती, आणि आल्यापासून तिनं या ट्रॉलीतून मळ्याकडं कितीतरी फेऱ्या मारल्या होत्या. असा आवाज कधी आला नव्हता. आज तर धाकट्या गुंडामामाचं लग्न. फौजेतून रजा काढून आलेला नवरदेव जीपमधून पुढं जाणार होता आणि बाकीचं सगळं वऱ्हाड या ट्रॉलीतून घाट ओलांडून मलकापूरकडं.

“शमशेरला बोलाव,” ती म्हणाली.

शमशेर शेजारच्या घरातला, मानसिंगच्याच वर्गातला. त्याचे वडील निजामचाचा वडूजला वेल्डिंगचा कारखाना चालवायचे. ही ट्रॉलीही त्यांनीच बांधलेली. नानासो चहाला गेल्यावर तिघं ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये वाकले. शमशेरनं नुसतं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“ही पिन न्हाई,” तो म्हणाला. “ही सळई हाय.”

ट्रॉलीचा लांब दांडा ट्रॅक्टरच्या मागच्या हुकात बसवून दोन्हीच्या भोकांतून जाड लोखंडी पिन घालतात. सगळी ट्रॉली त्या एका पिनेवर ओढली जाते. इथं त्या भोकात एक करंगळीएवढी सळई घातलेली होती. ती वर येऊ नये म्हणून खालून सुतळीचे वेढे मारले होते.

“अब्बांनी केलेली पिन माझ्या दोन बोटांएवढी जाड हाय. वर धरायला कडी, खाली चिमटा. चिमटा घातला की पिन उसळत न्हाई. आन् वरून साखळी. पिन गेलीच तर साखळीनं धरावं म्हणून.” शमशेरनं इकडंतिकडं बघितलं. “साखळी बी न्हाई.”

“मग गेलं कुठं सगळं?” मानसिंग म्हणाला. “परवा मळ्यातनं येताना तर हुतं.”

“परवा होतं आणि आज नाही,” शालन म्हणाली. “म्हणजे कालच गेलं. काल काय झालं?”

“काल? काल मांडव घातला.”

शालननं मांडवाकडं बघितलं. चारी बाजूंनी दोर ताणून जमिनीतल्या खुंट्यांना बांधले होते. ती एकेक खुंटी बघत निघाली. लाकडी, लाकडी, परत लाकडी. गोठ्याकडच्या कोपऱ्यात मात्र दोर एका लोखंडी कडीत ओवलेला होता. तिनं माती बाजूला सारली. कडीखाली जाडजूड पिन जमिनीत ठोकलेली होती.

“नानासोकाकांना खुंटी कमी पडली,” ती हळूच म्हणाली.

“आन् साखळी मी सांगतो,” मानसिंग गोठ्यात डोकावून म्हणाला. “रेडकानं काल दावं तोडलं हुतं.”

रेडकू ट्रॉलीच्या साखळीला बांधलेलं निवांत उभं होतं.

तिघं नानासोकडं धावले. नानासोनं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

“व्हय, म्याच ठोकली. मग? मांडव पाडू का आता? उद्या काढतो.”

“पण काका, घाट आहे,” शालन म्हणाली.

“घाट मला सांगतीस व्हय गं? तुझ्या वयाचा असल्यापास्नं गाड्या हाकतोय मी. जा, तोरणं बांधा.”

मग शालन लालासाहेबमामांकडं गेली. मानसिंगचे वडील, घरातले थोरले, गावात त्यांचा शब्द चालायचा. पण त्यांच्याभोवती दहाजण दहा गोष्टी विचारत होते.

“मामा, ट्रॉलीची पिन...”

“नानासोला सांग बाळ. ते त्याचं काम हाय.” आणि ते आचाऱ्याकडं वळले.

शालन गर्दीतून बाहेर पडली. रडून उपयोग नव्हता. ती परत आली तेव्हा मानसिंगनं एक बाभळीची खुंटी शोधून आणली होती. तिघांनी ती दोराशेजारी ठोकली, दोर तिला बांधला आणि मग पिन उपटून काढली. मांडव जागचा हलला नाही. चिमटा कडीतच अडकवलेला सापडला. रेडकाला जुनं दावं गाठ मारून बांधलं. पिन आणि साखळी पिशवीत घालून ते ट्रॉलीकडं पळाले.

पण उशीर झाला होता. ट्रॉली बायकापोरांनी, ट्रंकांनी, गाद्यांच्या वळकट्यांनी भरून गेली होती. ट्रॅक्टर सुरू होता. लालासाहेब चाकावरच्या पत्र्यावर नानासोच्या शेजारी बसले होते. वाजंत्री इतकी मोठ्यानं वाजत होती की शमशेर काय ओरडला ते कुणालाच कळलं नाही. तिघांनी पिशवीसकट ट्रॉलीत उड्या मारल्या.

वाटभर शालन ट्रॉलीच्या पुढच्या फळीवरून खाली बघत राहिली. मागं बायका गाणी म्हणत होत्या. मानसिंगच्या आईनं, राहीमामीनं, तिला दोनदा चिवडा दिला, तिनं घेतला नाही. प्रत्येक खड्ड्याला सळई वर उडायची आणि सुतळी तिला खाली ओढायची. सुतळीचा एक पदर तुटला. थोड्या वेळानं दुसरा.

“आधी चढ हाय,” शमशेर तिच्या कानाशी म्हणाला. “चढावर सगळा भार सळईवर येणार. सुटली तर ट्रॉली माघारी पळंल. खाली वढा हाय.”

“ट्रॅक्टर कुठं थांबतो का?”

“चढाच्या पायथ्याला. देवळापाशी इंजिनात पाणी घालत्यात.”

शालननं क्षणभर विचार केला आणि ती राहीमामीकडं सरकली.

“मामी, नवी नवरी आणायला निघालोय आपण. घाटातल्या देवाला सगळ्यांनी उतरून पाया नको पडायला?”

राहीमामीचे डोळे मोठे झाले. “आगं बया, बरं आठवण केलीस. उतरायलाच पायजे. समद्यांनी.”

पायथ्याला ट्रॅक्टर थांबला आणि राहीमामीनं कुणाला बसू दिलं नाही. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या खाली उतरून देवळाच्या पायऱ्या चढू लागल्या. लालासाहेबही गेले. नानासो इंजिनात पाणी ओतत कुरकुरत होता.

“काका, आता ट्रॉली रिकामी आहे,” शालन पिशवी पुढं करत म्हणाली. “ही पिन घाला. साखळीपण आणलीय.”

नानासोनं पिशवीत बघितलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. “मांडवाची खुंटी उपटली तुमी? आज लालासायबांस्नी सांगतोच. व्हा बाजूला. वरच्या वळणावर सावलीत लावतो गाडी. या म्हणावं सगळ्यांस्नी चालत.”

तो ट्रॅक्टरवर चढला.

“दगड घ्या,” शमशेर म्हणाला. “ट्रॉलीच्या मागच्या चाकाला उटी लावायची, म्हंजी दगडाचा अडसर. चाकाच्या मागं, आन् बाजूनंच. ट्रॉलीच्या पाठीमागं कुणी जायचं न्हाई.”

शालननं पोटाशी धरून एक मोठा धोंडा उचलला. शमशेरनं पलीकडच्या बाजूला दुसरा. ट्रॅक्टर चढाला लागला. दोघं दोन्ही चाकांच्या बाजूनं चालू लागली. तेवढ्यात मानसिंग देवळाच्या पायऱ्यांवरून धापा टाकत खाली आला.

“छबू कुठाय? आई म्हणती तुझ्यापाशी हाय.”

छबू, मानसिंगचा तीन वर्षांचा भाऊ. शालननं ट्रॉलीकडं बघितलं. वळकट्यांच्या मधून एक इवलासा पाय दिसत होता. छबू गाढ झोपला होता.

“काका, थांबा. छबू आत आहे,” ती ओरडली. इंजिनाच्या आवाजात नानासोला काही ऐकू गेलं नाही. चढ वाढला म्हणून त्यानं हिसका देऊन गिअर बदलला.

खण्ण.

ट्रॅक्टर एकदम हलका होऊन पुढं पळाला. वाकलेली सळई रस्त्यावर उडून पडली. ट्रॉलीचा दांडा धाडकन खाली आदळला. क्षणभर ट्रॉली जागीच उभी राहिली आणि मग हळूच, अगदी हळूच, मागं सरकू लागली.

शालननं धोंडा चाकामागं लोटला. चाक त्याला टेकलं. धोंडा करकरत घसरू लागला. खाली ओढ्याकडं उतरणारा रस्ता तिला दिसत होता. पलीकडं शमशेरचाही दगड घसरत होता.

“मानसिंग, अजून दगड,” ती किंचाळली.

मानसिंगनं रस्त्याकडेचा दगड लोटत आणला. दोघांनी मिळून तो पहिल्या धोंड्यामागं रेटला. चाक थोडं वर चढलं, थरथरलं, आणि थांबलं. शमशेरनंही आपल्या बाजूला दुसरा दगड सारला. ट्रॉली उभी राहिली. शालनचे हात सोलले होते, पण ते तिच्या ध्यानातही आलं नाही. तोवर मानसिंग फळीवर चढून छबूला कडेवर घेऊन उतरला होता. छबूनं डोळे चोळले आणि विचारलं, “आली नवरी?”

राहीमामी धावत आली. तिनं छबूला ओढून घेतलं आणि तिथंच रस्त्यात बसली. नानासो ट्रॅक्टर थांबवून खाली आला. रस्त्यावरची वाकडी सळई त्यानं उचलली.

लालासाहेबांनी सळई बघितली, पिशवीतली पिन बघितली आणि शालनकडं वळले.

“सकाळी हेच सांगत हुतीस मला?”

शालननं मान डोलावली.

“आन् मी ऐकलं न्हाई.” ते नानासोकडं वळले. “नानासो, चूक तुझी हाय, पण तुझ्या एकट्याची न्हाई. गाडी माझी हाय. निघायच्या आधी मी वाकून बघायला पायजे हुतं.”

“पोरांनी दोनदा सांगितलं मालक,” नानासो खालच्या आवाजात म्हणाला. “मीच ताठ्यात ऱ्हायलो.”

त्यानं ट्रॅक्टर सावकाश मागं आणला. चौघापाच जणांनी दांडा उचलून हुकात धरला. शमशेरनं पिन घातली, खालून चिमटा लावला, साखळी अडकवली आणि जरा सैल ठेवली.

“सैल का रं?” लालासाहेबांनी विचारलं.

“वळणावर ताणून तुटू नये म्हणून. पर जमिनीला बी घासाय नको.”

“निजामचा पोरगा शोभतोस गड्या,” म्हणत लालासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग शालनचे सोललेले तळवे हातात घेऊन त्यांनी स्वतःच्या फेट्याच्या सोग्यानं पुसले. “आज तुमी तिघं नसता तर लग्नघरात काय झालं आसतं, ते माझ्यानं बोलवत न्हाई.”

चढ संपेपर्यंत सगळं वऱ्हाड पायी चाललं. वर पोचल्यावर सगळे परत ट्रॉलीत बसले. पुढं उतार होता. नानासोनं ट्रॅक्टर सुरू केला, पण गिअर टाकला नाही. मागं वळून त्यानं शालनला हाक मारली.

“पोरी, बघतीस का येकदा?”

शालन खाली उतरली. पिन बघितली, चिमटा बघितला, साखळी हलवून बघितली. मागं जाऊन चारी चाकं बघितली.

“सोडा काका,” ती म्हणाली. “सावकाश.”

आणि नानासोनं गाडी सावकाश सोडली.