टिळेकरबाईंची वजाबाकी

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळासोबत वजाबाकी वाचून दाखवायची पद्धत आता गावोगावी रुळली होती. वजाबाकी म्हणजे काय, तर यंत्राने नोंदींवरून जग जसंच्या तसं उभं करायचं, त्यातून एका माणसाचं काम काढून टाकायचं आणि ते जग पुन्हा चालवून बघायचं. बहुतेकांच्या वाट्याला ‘फरक नाही’ एवढंच येई. मंडळी टाळ्या वाजवत, बटाटेवडे खात आणि घरी जात.

आज हे यंत्र घडवणाऱ्या संगणकशास्त्रज्ञ डॉ. मृणालिनी टिळेकरच निवृत्त होत होत्या. यंत्र नवंकोरं असताना बारावी नापास झालेल्या निखिलने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, घरी बसून त्याला स्वतःची वजाबाकी विचारली होती. यंत्र फक्त झालेलं मोजतं. अठरा वर्षांच्या पोराने जगात काय फरक केलेला असणार! ते उत्तर त्याला सोसलं नाही. त्याने जीव दिला.

“मी नाही तर दुसऱ्या कोणी हे केलंच असतं,” असं बाई तेव्हापासून नवऱ्याला, श्रीरंगरावांना, सांगत आल्या होत्या. ते आज खरं ठरलं तर त्यांचं आयुष्यभराचं काम मातीमोल होणार होतं. तरी त्यांना तेच हवं होतं.

यंत्र बोललं, “डॉ. टिळेकरांचं काम वजा केल्यास हेच यंत्र आठ महिने उशिरा, कोइमतूरच्या प्रयोगशाळेत झालं असतं. जगाच्या कारभारात इतर फरक नाही.”

टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते कोणालाच कळेना. बाईंचा चेहरा मात्र उजळला. पहिल्या रांगेतल्या श्रीरंगरावांकडे वाकून त्या म्हणाल्या, “ऐकलंत? मी सांगत नव्हते?”

“ऐकलं. मी आपला बँकेतला माणूस, मला एवढंच समजाव. त्या जगात निखिल आहे?”

“आहे ना. वजा काम होतं, माणूस नाही. आई म्हणून मी असतेच.”

“मग विचार यंत्राला. आठ महिन्यांनी यंत्र आलं, तेव्हा निखिलने काय केलं?”

बाईंनी माइक हाताने झाकला. “अहो, इथे नको. लोक आहेत.”

“बाकीच्यांना लोकांसमोरच ऐकवलंस ना आजवर?” श्रीरंगरावांनी माइक काढून घेतला आणि स्वतःच विचारलं.

यंत्राने त्याच आवाजात सांगितलं, “काहीच केलं नाही. तोवर तो फेरपरीक्षा पास होऊन सांगलीला कॉलेजात गेला होता. वजाबाकी त्याने कधीच विचारली नाही. आज तो तेहतीस वर्षांचा आहे. आत्ता आईशी फोनवर बोलतो आहे.”