आई, सरलं

मे महिना होता की जूनची सुरुवात, हे मला आता नक्की सांगता येत नाही. माझी मुलगी रिना म्हणते, "बाबा, त्या दिवसांत तुम्ही नीट झोपतच नव्हता, तुमच्या आठवणीवर काय विसंबायचं?" तिचं खरं असेल. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं, तरी गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या वाटेतून परत येणारा माणूस मी. पण विचारलंत म्हणून सांगतो. जेवढं आठवतं तेवढंच.

टाळेबंदीचं वर्ष. चंद्रपूरहून सावली गावी नातीला भेटायला गेलो आणि एसटी बंद झाल्यावर तिथेच अडकलो. रिना सरकारी दवाखान्यात नर्स. तिला कोरोना वॉर्डात ड्यूटी लागली आणि घरात संसर्ग नको म्हणून ती तिकडेच राहू लागली. जावई नोकरीपायी भद्रावतीला. घरात मी आणि चार वर्षांची रिंकू.

घर भाड्याचं, गावाच्या टोकाला. मागच्या दारातून पायरी उतरली की बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं. जाताना रिनाने एकच गोष्ट बजावली.

"हिला त्या दाराबाहेर एकटीला जाऊ देऊ नका, बाबा."

"बोडी तर आटली आहे."

"पाणी आटलं. मधला गाळ नाही आटत. मागच्या वर्षी गाय फसली होती त्यात."

मी मान हलवली, आणि त्या क्षणापासून माझं लक्ष त्या दाराच्या कडीवर राहिलं.

चार वर्षांच्या मुलीला दिवसभर घरात गुंतवून ठेवणं सोपं नाही. मी मोबाईलवर व्हिडिओ बघायचो. काड्यापेट्यांची आगगाडी केली, रंगीत कागदांच्या जोड्या लावायला दिल्या, भांड्यांवर चमचे वाजवले. प्रत्येक खेळ चहा गार होण्याआधी संपायचा आणि पुन्हा तोच प्रश्न.

"आबाजी, आई कधी येइन?"

मग एक खेळ सापडला. वेगवेगळे दाणे मिसळायचे आणि मुलाने ते निवडायचे. बोटांची पकड सुधारते, लक्ष टिकतं. मी सुपात तांदूळ, लाखोरीची डाळ आणि पोपटाचे, म्हणजे वालाचे, दाणे एकत्र केले, समोर तीन वाट्या मांडल्या आणि म्हणालो, "हे सगळं वेगळं झालं ना, की आई येईल."

मुलांना आपण असंच काहीबाही सांगतो. नाही का?

रिंकू बसली ती बसलीच. शेजारच्या वच्छलाबाई भाजी द्यायला आल्या. ढिवराच्या, म्हणजे मासेमाऱ्याच्या घरची बाई, तोंडाची फटकळ. दारातूनच हसल्या, "का जी मास्तर, पोरीकडून फुकटात दाळ निवडून घेऊन राह्यले का?" मीही हसलो. मग रिंकूने मी सांगितलेलं वाक्य त्यांना ऐकवलं आणि वच्छलाबाईंचं हसू थांबलं. त्या मागच्या दाराकडे बघून म्हणाल्या, "दुसरा खेळ नाई का भाऊ तुमच्यापाशी?" आणि गेल्या.

सूप पहिल्यांदा रिकामं झालं तेव्हा रिंकू उठली, मागच्या दारापाशी गेली आणि फटीला तोंड लावून हलकेच म्हणाली, "आई... सरलं."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तरी नाही. दाराच्या फटीतून वास आला. भर उन्हाळ्यात, तुडुंब भरलेल्या तळ्याचा... शेवाळाचा, ओल्या जाळ्याचा. मोरीचा असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि दाणे पुन्हा मिसळले.

ती रोज अधिक वेगाने निवडू लागली. तिची बोटं सुपात अशी चालायची की बघवत नसे. मी वेगळं काही काढलं की रडायची. "मले दाणेच पायजे." आणि रोज, सूप रिकामं झालं की, दाराची फट, तेच दोन शब्द, तोच वास. दरवेळी थोडा जवळून.

त्या दुपारी उन्हाची झळ इतकी होती की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. रिनाचा व्हिडिओ कॉल आला. डोळ्यांखाली मास्कचे वळ उमटलेले. मी हाक मारली, "रिंकू, ये, आईशी बोल."

रिंकूने मानही वर केली नाही. "आई तं दाराशी आहे ना."

"रिंकू, बाळा, इकडे बघ," रिना पडद्यावरून म्हणाली.

आणि मागच्या दाराबाहेरून, अगदी रिनाच्या आवाजात, पण पाण्याखालून आल्यासारखं...

"सरलं का... माय?"

पडद्यावरची रिना फोनजवळ झुकली. मग कुजबुजली, "बाबा... मागे कोण आहे?"

कडी हलली. आतली कडी, जिच्याजवळ कुणीच नव्हतं. रिंकूच्या बोटांत शेवटचा दाणा होता, लाखोरीचा. तिने तो वाटीवर धरला होता.

मी तिची मूठ पकडली. दुसऱ्या हाताने तिन्ही वाट्या सुपात उलट्या केल्या आणि वेड्यासारखे दाणे कालवत राहिलो. बाहेर कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. ओलं लुगडं पिळल्यासारखं पाणी टपटपलं... मग थांबलं.

"काऊन मिसळवलं आबाजी?" रिंकू हुंदके देत होती. "आली होती ना ते!"

उन्हं उतरल्यावर मी दार उघडलं. तापलेल्या पायरीवर स्वच्छ पाण्याचं थारोळं होतं, त्यात हिरवंगार शेवाळ. समोर बोडी भेगाळलेली.

रिनाने दुसऱ्याच दिवशी सुटी काढली. आम्ही ते घर सोडलं. दाणे मात्र मी फेकले नाहीत. फेकले असते तर पाखरांनी एकेक जात वेचून खाल्ली असती, आणि तसं होऊ नये, असं मला वाटलं. काचेच्या बरणीत भरले, रिंकूच्या मुठीतला दाणाही त्यातच टाकला, नीट हलवलं, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि चंद्रपूरला आणून माळ्यावर ठेवली. रिना म्हणते, फोनमध्ये तिचाच आवाज घुमला असेल. शक्य आहे.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी सावलीला गेलो, तेव्हा वच्छलाबाई भेटल्या. त्या दाराबद्दल मी विचारलं. त्या पदर सावरत म्हणाल्या,

"मासोळ्या धराले जाताना आमच्याकडच्या बाया असंच करत, भाऊ. लेकरू पाण्याकडे येऊ नाई म्हणून सुपात दाणे मिसळून देत. निवडून सरलं का आलीच मी, असं सांगत. तुमच्या त्या भाड्याच्या घरी आधी राहे ते सीता, तेही सांगून गेली. भर पावसाळ्यात. बोडीतून निंगालीच नाई. पोरगी दाराशी उभी राहून ओरडे, आई सरलं, आई सरलं... आम्ही सारे आयकत होतो. कोन सांगन तिले?"

"मग पोरगी?"

"मामानं नेली. सीता कोठून पाह्यन तिले? सीतेले तं एवढंच माहीत... सरलं का याचं."

घरी आल्यावर मी माळ्यावरची बरणी काढली. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. मिश्रण हललं की मोठे दाणे वर येतात आणि बारीक तळाशी जातात. हा प्रयोग मी वर्गात कित्येकदा दाखवला आहे. म्हणून बरणी खिडकीपाशी नेली, चष्मा पुसला, रिनालाही बोलावून दाखवली. तिने चिकटपट्टीवरून बोट फिरवलं आणि बरणी माझ्या हातात परत दिली.

तळाशी पोपटाचे मोठे दाणे. त्यावर लाखोरी. सगळ्यात वर तांदूळ. आणि तांदळावर, अगदी मधोमध, लाखोरीचा एकच दाणा उरला आहे.