वायरमनचं उत्तर

"अहो डॉक्टर, मला वायरमनचं उत्तर नकोय, वायरमन हवाय!" मृदुला खांडेपारकर फोनवर तिसऱ्यांदा ओरडल्या.

त्या 'तंत्रकट्टा' या ऑनलाइन चर्चामंचाच्या संपादक. तिथे दिवसभर तंत्रज्ञानाच्या बातम्यांचा पूर. नवा फोन आला, अमक्या ॲपने लोकांची माहिती विकली, एक ना दोन. कट्ट्याची रीतच अशी की बातमी वाचायची कुणी नाही, मत मात्र सगळ्यांनी द्यायचं. मतं देऊन देऊन सभासद दमले, तेव्हा कट्ट्याचे संगणकतज्ज्ञ डॉ. हेरंब तांबवेकरांनी प्रत्येकाला 'प्रतिमुख' करून दिलं. सभासदाची वर्षानुवर्षांची बडबड पचवून त्याच्याच नावाने, त्याच्याच शैलीत उत्तरं देणारा प्रोग्राम म्हणजे प्रतिमुख. कट्टा कधी नव्हे इतका गजबजला आणि मृदुलाताईंच्या डोक्याला ताप झाला.

आज सकाळी बातमी आली. मधुमेहींच्या एका इन्सुलिन पंपाचं नवं अपडेट सदोष निघालं होतं. ते बसलं की पंप दुप्पट डोस सोडणार, रक्तातली साखर झपकन उतरणार, माणूस झोपेतच जायचा. आणि ते संध्याकाळी आपोआप बसणार होतं. नेमका तोच पंप 'वायरमन' नावाच्या सभासदाच्या पोटाला होता, त्यानेच एकदा कट्ट्यावर लिहिलं होतं. त्याचं खरं नाव, गाव, फोन कुणालाच ठाऊक नाही, कट्ट्यावर टोपणनावच चालतं. ताईंनी लिहिलं, 'वायरमन, पंपाचं अपडेट बंद कर. आत्ताच्या आत्ता!'

लगेच उत्तर आलं, 'बापरे! केलं बंद. ताई, देवासारख्या धावून आलात.'

"मग झालं की," तांबवेकर म्हणाले. "तो असंच म्हणाला असता."

"म्हणाला असता! पण म्हणाला का?"

"प्रतिमुखाचं अनुमान सहसा चुकत नाही, ताई. तुमचा निरोप वाचून त्याने अपडेट बंद केलंच असतं."

"अहो, पण वाचला कुणी? तुम्ही त्याचं तोंड तेवढं बनवलंत, कानांचं काय?"

डॉक्टरांनी खुलासा केला. "प्रतिमुखाला उत्तर सुचलं नाही, तरच निरोप माणसाकडे जातो. लोकांनाच कटकट नको होती."

"जळली मेली तुमची कटकट!" ताईंनी फोन आपटला आणि कट्ट्यावर विचारलं, 'वायरमनला प्रत्यक्ष कुणी ओळखतं का?'

उत्तरांची झुंबड उडाली. 'दिलदार माणूस!' 'मी करतो त्याला फोन.' 'केला. मजेत आहे.' ताईंनी कपाळावर हात मारला. फोन कुणी केला नव्हता, करायला तिथे माणूसच नव्हतं.

'सगळ्यांनी आपापली प्रतिमुखं बंद करा,' असं त्या लिहायला गेल्या, तर लिहायची जागाच बंद! वर खुद्द त्यांच्या नावाने सूचना झळकत होती, 'वायरमन सुखरूप आहे. विषय बंद करत आहे.'

"हे मी लिहिलेलं नाही!" त्यांनी पुन्हा तांबवेकरांना गाठलं.

"एरवी लिहिलं असतंत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "इतकी वर्षं कट्ट्यावरचे वाद तुम्ही असेच मिटवलेत."

विषय पुन्हा उघडेपर्यंत संध्याकाळ होऊन गेली. खरा वायरमन कुठल्या गावात, कुठल्या खोलीत होता, देव जाणे. कट्ट्यावरचा वायरमन एका नव्या टीव्हीच्या बातमीवरून तावातावाने भांडत होता. उद्याही भांडणार होता, परवाही. खरा असला काय, नसला काय, कट्ट्याला त्याची उणीव भासणार नव्हती.